बंपरखालचा ओठ

'लिप' म्हणजे ओठ, एवढं इंग्रजी आम्हा मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्यांनाही येतं. पण मोटारीला ओठ असतो, आणि तो दुकानात वेगळा विकत मिळतो, हे मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं. कळवणारा अर्थातच नातू. त्याने जुन्या बाजारातून घेतलेल्या गाडीसाठी काळ्या प्लॅस्टिकची एक लांबलचक, कमानदार पट्टी मागवली. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला ती बसवायची म्हणे. मी विचारलं, "हे कशासाठी रे?" तर म्हणाला, "आजी, तुला नाही कळायचं. गाडीला लुक येतो."

आता ज्या बाईने वर्षानुवर्षं पोरांना इतिहास शिकवला, तिला 'तुला नाही कळायचं' म्हटलं की काय होतं हे माझे जुने विद्यार्थी जाणतात! 'लुक येतो' हे काही कारण नव्हे. जगात कुठलीही वस्तू पहिल्यांदा होते ती कोणाची तरी अडचण झाली म्हणून. लुक नंतर येतो. मग ही अडचण कोणाची होती, कुठली होती, केव्हाची होती? थोडं वाचलं, थोडं एका माहीतगार मिस्त्रींना विचारलं. जे हाती लागलं ते सांगते.

आधी बंपर आणि त्याचा हा ओठ यांतला फरक समजून घ्यायला हवा. बंपर धक्का खाण्यासाठी. १९०५ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सिम्स यांच्या सिम्स-वेलबेक गाडीला हवा भरलेले रबरी बंपर लावलेले होते. पुढे अमेरिकन सरकारने तर नियमच केला की १९७३ सालच्या मॉडेलपासून गाडीने पुढून ताशी पाच मैलांची धडक दिवे वगैरे न फुटता सोसली पाहिजे. त्यामुळे तिकडच्या गाड्यांना त्या काळात ओंडक्यासारखे बंपर आले. म्हणजे बंपरचा वैरी डोळ्यांना दिसतो. समोरची गाडी, भिंत, खांब. ओठाचा वैरी मात्र दिसत नाही. तो आहे वारा.

मी विज्ञानाची बाई नव्हे, पण इतकं समजलं. गाडी वेगात धावते तेव्हा बॉनेटच्या आणि टपाच्या बाकावरून जाणारी हवा वेग घेते आणि तिथला दाब कमी होतो. त्याच वेळी काही हवा बंपरखालून गाडीच्या पोटाशी शिरते. तिथे इंजिनाचं तळ, सायलेन्सर, दांडे, नळ्या असं सगळं उघडं असतं. हवा त्यात अडखळते आणि दाबून राहते. वर दाब कमी, खाली जास्त. गाडी किंचित उचलली जाते! अगदी विमानासारखी उडत नाही, पण पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. चाक वळतं ते रस्त्याला धरून असतं म्हणून. धरच सैल झाली तर स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात नसते.

आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ला जो एक पट, तो १२० ला चार पट, १८० ला नऊ पट, २४० ला सोळा पट. हा पाढा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जर्मनीत चला. तिथल्या फोक्सवॅगनची बीटल, आपल्याकडे जिला कासव किंवा ढेकूण गाडी म्हणायचे, ती बहुतेकांनी पाहिली असेल. तिचं इंजिन डिकीत आणि सामान बॉनेटखाली. मागे जड, पुढे हलकी. त्यात पाठ गोल. मोठ्या मोकळ्या रस्त्यावर आडवा वारा आला की नाक इकडेतिकडे करायची. कारखान्याने बनवली तशी लोक वापरत होते. पण त्याच कारखान्याच्या गावात, वोल्फ्सबुर्गमध्ये, कार्ल मायर नावाचे एक गृहस्थ मोटारींसाठी वरून लावायचे सामान बनवत. नावातलीच अक्षरं घेऊन त्यांनी कंपनीचं नाव ठेवलं होतं 'कामाइ'. त्यांनी १९५३ साली बीटलच्या पुढच्या बाजूला खाली लावायचं एक पाते बाजारात आणलं. नाव 'टीफेनश्टॉयर'. शब्दशः अर्थ घेतला तर खोली राखणारं सुकाणू. नाक वर जाऊ नये, खाली राहावं म्हणून.

मला या गोष्टीची फार गंमत वाटली. आपल्याला वाटतं की आधी मोठ्या कंपन्या, शर्यतीच्या गाड्या, आणि मग त्यांची नक्कल करणारे अॅक्सेसरीचे दुकानदार. इथे उलटं आहे. ओठ जन्मला तोच मुळी दुकानात, आणि तोही सामान्य माणसाच्या गाडीसाठी. म्हणजे नातवाच्या पट्टीचं घराणं अगदीच हलकं नाही बरं का!

बीटलच्याच रक्ताची दुसरी गाडी म्हणजे पोर्शे ९११. ती १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. इंजिन मागेच, फक्त ताकद कितीतरी जास्त. मग दुखणंही तेच, कितीतरी जास्त! पुढचं टोक हलकं. यावर कंपनीने सुरुवातीला काय इलाज केला असेल? पुढच्या बंपरच्या दोन टोकांच्या आत ओतीव लोखंडाची वजनं लपवली. प्रत्येकी सुमारे अकरा किलो. दिसायला देखणी, वेगवान, महाग गाडी, आणि बंपरच्या पोटात लोखंड! आमच्याकडे खाटेचा पाय डुगडुगला की खाली कागदाची घडी सरकवतात, त्यातलाच प्रकार.

मग १९६९ च्या मॉडेलला त्यांनी मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, आणि एका बॅटरीच्या ऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. भार जरा सारखा झाला. लोखंड निघालं. पण वाऱ्याचं काय? वजनाने वाऱ्याशी किती भांडणार? वजन वेगाबरोबर वाढत नाही. ते ६० ला तेवढंच आणि २०० ला तेवढंच. वाऱ्याचा जोर मात्र वर सांगितलेल्या पाढ्याने चढतो. त्याला अडवायचं तर त्याच्याच पाढ्याने वाढणारी वस्तू हवी. ती वस्तू म्हणजे आकार. १९७२ च्या मॉडेलच्या ९११ एस गाडीला बंपरखाली एक हनुवटीसारखी पट्टी आली. पोटाखाली शिरणारी हवा तिने अडवून दोन्ही बाजूंना वळवली. बावीस किलो लोखंडाने दाबून धरायचं काम काही किलोंच्या वाकवलेल्या कडेने केलं. इतिहासात असं फार वेळा दिसतं. माणूस आधी जोर लावून पाहतो, आणि नंतर त्याला युक्ती सुचते.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि माझ्या मते खरा धडा इथेच आहे. पुढचं टोक खाली बसलं, तर आता मागचं टोक हलकं वाटायला लागलं. एका पारड्यात टाकलं की दुसरं वर जाणारच. टिलमान ब्रोडबेक नावाचा तरुण इंजिनिअर आणि त्याचे सहकारी कामाला लागले. ब्रोडबेकला फियाट ८५० ची आठवण होती. तिच्या कूपे गाडीची मागची कड साध्या गाडीपेक्षा किंचित उचललेली होती. तेवढंच सूत्र धरून त्यांनी तार आणि पत्रा वाकवून गाडीच्या मागच्या झाकणावर वेगवेगळे आकार करून पाहिले. त्यातून आली ती बदकाच्या शेपटीसारखी कड. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात कॅरेरा आरएस २.७ ही गाडी ती शेपटी घेऊन आली. शर्यतीच्या नियमासाठी ५०० गाड्या बनवणं भाग होतं, आणि एवढ्या खपतील की नाही अशी शंका होती. बनल्या १५८०. म्हणजे ओठ आणि शेपूट ही जोडी आहे. पुढचं मागच्याला विचारून करायचं असतं.

त्याच सुमारास लुकची भानगडही सुरू झाली. बीएमडब्ल्यूने १९७३ साली शर्यतीसाठीच्या '३.० सीएसएल' गाडीची पंखवाली आवृत्ती काढली. तिचा मागचा भला मोठा पंख जर्मनीच्या रस्त्यांवर लावायला परवानगी नव्हती. मग कंपनीने तो न लावताच डिकीत ठेवून गिऱ्हाइकाला दिला. तुमचं तुम्ही बसवा! आणि त्याच वर्षी फ्रँकफुर्टमध्ये दाखवलेल्या '२००२ टर्बो' गाडीच्या पुढच्या खोल पट्टीवर 'टर्बो' हा शब्द उलट्या अक्षरांत रंगवला होता. का? तर पुढे चाललेल्या माणसाला आपल्या आरशात तो सुलटा वाचता यावा आणि त्याने बाजूला व्हावं. 'हटो, मी येतोय!' पट्टी वारा अडवायला होती, पण तिच्यावर आता दमदाटी लिहिली गेली. टीका झाली, आणि ती अक्षरं काढावी लागली. त्यातच त्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोलचे भाव भडकले, आणि ती गाडी १६७२ नगांवर थांबली. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आली. आटोपशीर, घरगुती गाडी, आणि बंपरखाली काळ्या प्लॅस्टिकचा ओठ. ती लाखांनी खपली. तिथून हा ओठ गल्लोगल्ली पोचला. तोपर्यंत निम्म्याहून अधिक लोकांना तो कशासाठी आहे याच्याशी कर्तव्य उरलं नसावं, असा माझा अंदाज.

हे झालं 'का'. आता 'कसं'. कारण पट्टी घेणं सोपं, बसवणं अवघड. याचीही एक गोष्ट आहे, आणि ती हसण्यासारखी नाही.

शर्यतीच्या गाड्यांना १९६८ पासून उंच दांड्यांवर पंख लावायची लाट आली. ४ मे १९६९ रोजी स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक रस्त्यावर शर्यत होती. लोटस संघाचे दोन चालक, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट. एका उंचवट्यापाशी आधी हिलच्या गाडीचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. थोड्या फेऱ्यांनी त्याच जागी रिंटचा पंख मोडला. दोघे वाचले हे नशीब. दोनच आठवड्यांनी मोनॅकोत असे उंच पंख बंद केले गेले. पुढे हिल स्वतः संघाचे मालक झाले. २७ एप्रिल १९७५ ला पुन्हा मोंजुइक. रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यांचे बोल्ट नीट आवळलेले नाहीत म्हणून चालकांनी आधीच तक्रार केली होती. संघांचे मिस्त्री स्वतः पाने घेऊन बोल्ट आवळत होते. जगज्जेता एमर्सन फिटीपाल्डी तर निषेध म्हणून शर्यतीतून बाहेर पडला. आणि शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असलेल्या रोल्फ श्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख आधारापासून तुटला. गाडी कठड्यापलीकडे गेली आणि तिथे उभी असलेली माणसं मेली. ती गाडी होती ग्रॅहम हिल यांच्या संघाची. त्यानंतर मोंजुइकवर फॉर्म्युला वनची शर्यत झाली नाही. (त्याच अर्धवट थांबलेल्या शर्यतीत लेला लोंबार्दी सहावी आली. फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत गुण मिळवणारी आजवरची ती एकमेव बाई. पण तिच्या अर्ध्या गुणाचं कौतुक करायला त्या दिवशी कोणाला सुचलं असेल?)

पंख वाऱ्याचा जोर घेतो, आणि तो जोर शेवटी जातो कुठे? बोल्टवर. आधार कच्चा असेल तर पंख जितका चांगला काम करेल तितका लवकर मोडेल. नातवाची पट्टी म्हणजे काही शर्यतीचा पंख नव्हे, हे मला कळतं. पण नियम तोच.

मिस्त्रींनी मला जे समजावलं ते असं. पट्टी आधी नुसती धरून पाहायची. बंपरच्या मध्यावर खूण, पट्टीच्या मध्यावर खूण, दोन्ही जुळवून मधून टोकांकडे जायचं. टोकाकडून सुरू केलं की शेवटी फुगा येतो. बंपरची खालची कड धुऊन, चिखल-मेण-तेल काढून, स्पिरिटने पुसून कोरडी करायची. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली तरी तिच्या एकटीच्या भरवशावर राहायचं नाही. खालून, बंपरच्या आत वळलेल्या कडेत, गंज न लागणारे स्क्रू वॉशर घालून मारायचे. दर्शनी भागात भोक नाही. ड्रिल मारण्याआधी आत काय आहे ते पाहायचं, कारण हल्लीच्या गाड्यांत तिथे वायरी आणि सेन्सर असतात. रेडिएटरकडे जाणारी हवेची वाट झाकायची नाही. लवचिक प्लॅस्टिक घासलं तर वाकतं, फायबरचं तडकतं. आणि शंभरेक किलोमीटर चालवून झाल्यावर सगळे स्क्रू पुन्हा आवळून पाहायचे. हे शेवटचं कोणी करत नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आमच्या शाळेतही उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर पुन्हा वाचायला कोणी तयार नसायचं!

आता समतोलाचं. ऑडी टीटी नावाची सुंदर गोलाकार गाडी १९९८ साली बाजारात आली. तिच्या पाठीची रेष भंगू नये म्हणून मागे कसलीही कड ठेवलेली नव्हती. १९९९ मध्ये जर्मनीतल्या वेगवान रस्त्यांवर तिचे अपघात झाले, काही लोक दगावले. भर वेगात लेन बदलताना किंवा वळणावर मागचं टोक सुटायचं. मग कंपनीने विकलेल्या गाड्या बोलावून त्यांना मागे एक छोटी कड बसवून दिली, सस्पेन्शन सुधारलं, आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा घातली. म्हणजे एखादी बोटभर कड असणं किंवा नसणं हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नसतो. म्हणूनच पुढे पट्टी लावून पुढचं टोक जास्त चिकटवणाऱ्याने मागच्या टोकाचा विचार करायला हवा.

आणि शेवटी आपला रस्ता. नातवाच्या गाडीचं इंजिन पुढे आहे. म्हणजे बीटलचं आणि पोर्शेचं हलक्या नाकाचं दुखणं तिला मुळात नाही. ती शहरात चालते ताशी ४० ने. वरचा पाढा लावा. १२० ला जेवढा वारा, त्याचा नववा हिस्सा! मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारींना सपाटीवर १०० ची मर्यादा आहे. म्हणजे या पट्टीला काम करायला वाराच मिळायचा नाही. मिळतील ते स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याप्रमाणे तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा ऐसपैस असायला हवा. आमच्या कॉलनीतले पाहिलेत तर सायकलवरून उतरून नमस्कार करावा असे आहेत. तिथे बंपर आणखी दोन-तीन इंच खाली आणणं म्हणजे ओठ फुटायचीच तयारी.

कायद्याचंही पाहावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, ते याच कलमाच्या आधारे. त्या गार्डांमुळे पादचाऱ्याला जास्त इजा होते. पट्टी म्हणजे गार्ड नव्हे, पण लावण्याआधी आरटीओत विचारायला काय हरकत आहे?

हे सगळं मी नातवाला सांगितलं. 'लावू नको' असं म्हटलं नाही. कामाइच्या मायर यांनाही कोणीतरी 'कंपनीने दिली तशी वापरा की' म्हटलंच असेल. मी त्याला तीनच प्रश्न लिहून दिले. तुझ्या गाडीची अडचण काय आहे? ही वस्तू ती सोडवते का? सोडवताना दुसरीकडे काय बिघडवते? उत्तरं त्याने शोधावीत. त्याची गाडी, त्याचा जीव, आणि रस्त्यावर चालणाऱ्या इतरांचाही.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर मोठमोठे लोखंडी खिळे आहेत, ते बहुतेकांनी पाहिले असतील. हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर बसवलेले. शत्रूने हत्तीची धडक देऊन दार फोडू नये म्हणून. हल्ली हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या दारांवरही तसे पितळी खिळे दिसतात. तिथे कोणी हत्ती घेऊन येणार नाही. खिळे शोभेचे आहेत, आणि शोभेला माझी ना नाही. माणसाला शोभा लागतेच. फक्त एवढंच वाटतं, की ज्याच्या दारावर खिळे आहेत त्याला हत्तीची गोष्ट माहीत असावी.